आदिनाथचा दहावा

अक्षता : फोडू नको ना मम्मी. साबण लाव, हळूहळू निघतील.

दैवशाला : साबण लावून झाला. हाडं वाढली, बांगड्या तेवढ्याच राह्यल्या. सरक तिकडं, काच लागंल.

अक्षता : अगं, पप्पा बाहेर ओसरीवर जिवंत बसलेत, आणि तू इथं मोरीवर बसून बांगड्या फोडतेस?

दैवशाला : पाहुण्यांना सांगितलंय, पोरीचा बाप वारला म्हणून. वारलेल्याच्या बायकोच्या हातात हिरव्या बांगड्या दिसल्या तर काय म्हणतील? अण्णासाहेबमामाचा फोन आल्ता. घनसावंगीहून निघून अंबड सोडलंय पाहुण्यांनी. तासाभरात इथं बदनापुरात येतील. हे धर.

अक्षता : मंगळसूत्र?

दैवशाला : डब्यात टाक. तांदळाच्या.

अक्षता : हे तरी राहू दे. पदराखाली झाकलं असतं.

दैवशाला : कांताबाई म्हणून बाई येऊन राह्यली, पोराची आई. बायांच्या नजरेला पदर काय आड येतो?

अक्षता : मला वाटलं होतं, मंगळसूत्र काढताना तरी तुझा हात थांबेल.

दैवशाला : थांबला न्हाई. गळा हलका झाला बघ.

अक्षता : आजारी आहेत असं सांगितलं असतं तर? खरं काय ते सरळ सांगायचं.

दैवशाला : भोकरदनच्या पाहुण्यांना खरंच सांगितलं होतं की, डोकं जरा बरं न्हाई म्हणून. अन् तुझ्या पप्पाला मामाकडं धाडलं होतं त्या दिवशी. जीपमधून मधातच उतरले अन् परत आले. पाहुणे पोहे खाऊन राह्यले होते. हे त्यांच्या मधोमध मांडी घालून बसले. काय म्हणाले, सांग तूच.

अक्षता : जाऊ दे ना.

दैवशाला : न्हाई, सांग.

अक्षता : म्हणाले, पोरगी? पोरीचं लगीन तर मागच्या सालीच झालं. जावई सिल्लोडला आहे.

दैवशाला : कापसाचा व्यापारी, म्हणाले. त्याचे पाय मीच धुतले, अशी चांदीची परात होती, अन् पाऊस आल्ता मांडवात. पाऊस सुद्धा सांगितला! त्या लोकांनी हातातली प्लेट तशीच खाली ठेवली. तू आत साडी नेसून बसलेली.

अक्षता : ते खोटं बोलत नाहीत मम्मी. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं होतं. वर्षानुवर्षं जेवण सोडून दारू प्यायले. मेंदूला जे जीवनसत्त्व लागतं ते मिळालंच नाही. आठवण साठवायची जागाच खराब झाली. जुनं थोडंफार आहे, पण नवीन काही टिकत नाही. आणि मधे रिकामं राहिलं की मेंदू तिथं काहीतरी आणून भरतो. त्यांना ते खरंच घडल्यासारखं वाटतं.

दैवशाला : पंप जळाला तर हा माणूस नवी तार भरून द्यायचा. अख्ख्या जाफराबादच्या मोटारी भरल्या यानं. मी विचारलं डॉक्टरला, ही भरता येत न्हाई का? तर म्हणे, ही न्हाई येत. दारू सुटली तरी न्हाई.

अक्षता : मग? आज काय करणार आहेस त्यांचं? कोंडणार?

दैवशाला : कोंडलं की दार वाजवतेत. म्हणून कोंडायचं न्हाई. रिकामी जागा हाय म्हणतीस ना? मंग तिथं काय भरायचं ते आपण द्यायचं.

अक्षता : म्हणजे?

दैवशाला : तू दिवसभर मेडिकलवर असतीस. तुला काय माहीत मी घरात काय करून राह्यले ते. थांब, दाखवते. भावजी! ओ भावजी, आत या जरा.

अक्षता : भावजी कोण?

दैवशाला : बघ तर.

आदिनाथ : कुणी हाक मारली? दैवशाला, जेवायला वाढ जल्दी. आत्ताच आलो जाफराबादहून. साडेसात हॉर्सपॉवरची मोटार होती, बिलकुल कोळसा झाल्ती. भरून दिली. पाटील म्हणाला, आदिनाथ, तुझ्या हातासारखा हात न्हाई.

दैवशाला : आत्ताच तर जेवलात.

आदिनाथ : जेवलो? हां. जेवलो. वांग्याची भाजी होती.

अक्षता : जेवले नाहीत ते मम्मी. सकाळपासून नुसता चहा झालाय.

दैवशाला : डोक्यावर हात फिरवा बरं.

आदिनाथ : काहून?

दैवशाला : फिरवा तर.

आदिनाथ : आरं! केस कुठं गेले?

दैवशाला : मिशी बघा.

आदिनाथ : मिशी न्हाई. माझी मिशी कुणी काढली?

दैवशाला : माणूस डोकं अन् मिशी दोन्ही कव्हा काढतो?

आदिनाथ : सुतकात. दहाव्याला.

दैवशाला : मंग?

आदिनाथ : कुणी गेलं का आपल्यातलं?

अक्षता : मम्मी, बस कर.

दैवशाला : तुमचा भाऊ गेला. तुम्हीच बसले दहाव्याला. डोकं तुम्हीच केलं.

आदिनाथ : वसंता गेला? पुण्यात?

दैवशाला : वसंता कसा जाईल? वसंता तर तुम्ही. थोरला गेला. आदिनाथ.

आदिनाथ : आदिनाथ तर मी हाय.

दैवशाला : आदिनाथला मिशी होती. ही एवढी, पिळलेली. तुम्हाला हाय का?

आदिनाथ : न्हाई.

दैवशाला : अन् माझ्या गळ्यात बघा. कपाळ बघा. हे हात.

आदिनाथ : बांगड्या न्हाईत. कुंकू बी न्हाई. आरं आरं आरं. म्हंजी खरंच गेला का तो?

दैवशाला : गेला.

आदिनाथ : अन् मला कुणी सांगितलं न्हाई! माझ्या पाठीचा, न्हाई, मी त्याच्या पाठीचा. सख्खा भाऊ माझा. त्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, अन् मला कुणी एक फोन सुद्धा...

अक्षता : मम्मी! बघ ना कसे रडतायत.

दैवशाला : दोन मिनिटं रडतेत, मंग थांबतेत. पहिल्या दिवशी लई झगडले. मी आदिनाथ, मी आदिनाथ म्हणून भिंतीवर डोकं आपटून राह्यले होते. आता लवकर मानतेत. डोक्यावर हात फिरवला की मानतेत.

अक्षता : तू मला म्हणालीस उवा झाल्यात. उवा झाल्यात म्हणून न्हावी बोलावला म्हणालीस.

दैवशाला : उवा न्हाई झाल्त्या.

आदिनाथ : वहिनी.

अक्षता : काय म्हणाले?

आदिनाथ : वहिनी, रडू नका तुम्ही. मी हाय ना. मी पुण्याहून आलोय ते परत न्हाई जाणार. पोरगी लग्नाची हाय, तिचं बघू. तुम्ही काही काळजी करू नका.

दैवशाला : ऐकलं? इतक्या वर्षांत मला 'तुम्ही' म्हणाला न्हाई हा माणूस. आता रोज म्हणतोय.

अक्षता : आणि खरे वसंतकाका आले तर?

दैवशाला : आजी गेली तव्हा आले न्हाईत, आता येतेत व्हय? या स्टेशनामागं आपल्याला ओळखतंय कोण? जाफराबाद सोडलं ते त्याच्यासाठीच. लग्न झाल्यावर कळलं तर कळू दे. पदरात पडलेली सून कुणी परत धाडत न्हाई.

अक्षता : मला नाही जमणार हे.

दैवशाला : मंग आत्ता सांग. मामाला फोन करते, पाहुण्यांना अर्ध्या रस्त्यातून माघारी फिरव म्हणून. तुझ्या मनातला हाय ना तो पोरगा? दोनदा बोलली ना त्याच्याशी फोनवर? विसरून जा. अन् मी मेल्यावर तूच बस यांच्यापाशी. जेवले की न्हाई ते तूच सांगत जा. सगळी उमर.

आदिनाथ : ही कोण? पोरगी का आदिनाथची? केवढी झाली!

दैवशाला : बोल अक्षू. करू फोन?

आदिनाथ : बाळा, रडू नको. बाप कुणाचा जन्माला पुरत न्हाई.

दैवशाला : करू का?

अक्षता : नको.

दैवशाला : मंग यांना धुतलेला शर्ट दे. नाव काय ते सांग, अन् काय म्हणायचं तेही सांग.

अक्षता : चला. शर्ट बदला काका.

(चारचा सुमार. बाहेरच्या खोलीत मुलाचे वडील काकासाहेब, आदिनाथ आणि दाराशी बसलेली दैवशाला. कांताबाई आतल्या खोलीत अक्षतापाशी.)

काकासाहेब : आम्ही घाई करतोय असं समजू नका ताई. पण घरात बाप गेला की वर्षाच्या आत कार्य उरकावं लागतं, नाहीतर तीन वर्षं थांबा. तुमच्या अण्णासाहेबांनी तेच सांगितलं. म्हणून म्हटलं, दुःख ताजं असलं तरी जाऊन यावं.

दैवशाला : बरं केलं.

काकासाहेब : हे धाकटे दीर ना? वसंतराव?

दैवशाला : हो. पुण्याला असतेत. दहाव्यापासून इथंच हैत, आमच्यासाठी.

काकासाहेब : डोकं बघूनच ओळखलं मी. काय करता पुण्यात?

आदिनाथ : मोटारी भरतो. मोठी कंपनी हाय. माझ्या हाताखाली पन्नास माणसं. मालक म्हणतो, वसंतराव, तुम्ही नसले की कारखाना बंद. पण मी म्हटलं, माझा भाऊ गेलाय, मला जायचं. विमानाचं तिकीट काढून दिलं त्यानं.

दैवशाला : चहा घ्या काकासाहेब.

काकासाहेब : घेतो. आणि हे हातात काय?

आदिनाथ : सुतळी. बोटांना सवय हाय गुंडाळायची. वेढा मोकळा राहून चालत न्हाई, बराबर बसला पाहिजे.

काकासाहेब : कामसू माणूस दिसता. भाऊ कशानं गेले म्हणे तुमचे?

दैवशाला : हार्ट अटॅकनं. रातच्याला झोपले, सकाळी उठलेच न्हाईत.

आदिनाथ : हार्ट अटॅक? न्हाई वो वहिनी. दारूनं गेला तो.

दैवशाला : भावजी, चहा थंड होतोय तुमचा.

काकासाहेब : काय म्हणाले?

दैवशाला : काही न्हाई. भाऊ गेल्यापासून त्यांचं जरा...

आदिनाथ : दारूनं गेला. लपवायचं काय त्याच्यात? सारं जाफराबाद जाणतंय. सकाळी दुकान उघडायच्या आधी लागायची त्याला. हात असे कापायचे. प्यायला की स्थिर. त्या हातानं मंग मोटार भरायचा. अन् जेवण? वहिनी ताट घेऊन दुकानावर जायच्या, तर ताट कुत्र्याला घालायचा त्यांच्यासमोर.

दैवशाला : भावजी, आत जा तुम्ही. अक्षूनं हाक मारली.

काकासाहेब : नाही, बोलू द्या त्यांना ताई. बोला वसंतराव.

आदिनाथ : हुशार माणूस होता, हं. बोलायचं तर ते बी बोललं पाहिजे. पण डोकं सडलं. आज सांगितलेलं उद्या याद न्हाई. गिऱ्हाइकाची मोटार दुसऱ्यालाच देऊन टाकायचा, वरून भांडायचा. अन् घरी आल्यावर... सांगू का वहिनी?

दैवशाला : नका सांगू.

आदिनाथ : तांब्याची तार असते ना, मोटारीत भरायची? ती चौपदरी करायचा. अन् मारायचा वहिनीला. तोंडावर न्हाई. पाठीवर. लोकांना दिसू न्हाई म्हणून. इतका हुशार.

काकासाहेब : अरेरे.

आदिनाथ : ह्या आतून कडी लावून घ्यायच्या पोरीला घेऊन. तर एका दिवशी पेचकस घेऊन बसला अन् कडीच काढली दाराची. आत्ता लाव म्हणे. मंग ह्या दाराला जातं लावायच्या, अन् जात्यावर पाठ टेकवून बसायच्या सकाळपर्यंत. पोरगी मांडीवर.

काकासाहेब : हे तुम्हाला ताईंनी सांगितलं?

आदिनाथ : वहिनी? वहिनीनं कुणाला एक शब्द न्हाई सांगितला. माहेरात सुद्धा न्हाई. मला माहीत हाय. कसं माहीत हाय ते याद न्हाई, पण माहीत हाय. ती कडी मी बघितली. पितळी होती. चार स्क्रू. माझा सख्खा भाऊ काकासाहेब, त्याच्यासाठी मी डोकं केलं, पण तुम्हाला सांगतो. बरं झालं मेला.

काकासाहेब : असं बोलू नये वसंतराव. गेलेल्या माणसाबद्दल...

दैवशाला : न्हाई. बराबर बोलले ते. बरं झालं.

काकासाहेब : ताई, रडू नका.

दैवशाला : रडत न्हाई मी.

काकासाहेब : हे बघा, मी एक सांगतो. माझा चुलतभाऊ असाच गेला. आम्ही पाच गावांत सांगितलं, काविळीनं गेला. आजही तेच सांगतो. तुम्ही मुलीच्या लग्नाच्या बैठकीत बसून खरं बोललात. असं घर मी आजवर बघितलं नाही. कांता, झालं का गं तुमचं? कुंकू लाव मुलीला. माझ्याकडून पक्कं.

दैवशाला : खरंच?

काकासाहेब : एकच अट आहे माझी.

दैवशाला : सांगा ना.

काकासाहेब : कन्यादानाला मामा-मामी बसू देत जोडीनं. पण बापाच्या जागी उभं राहायचं ते वसंतरावांनी. साखरपुड्याला, हळदीला, पाठवणीला. आणि लग्नानंतर घनसावंगीला मुलीला भेटायला येतील तेही हेच. कबूल?

आदिनाथ : कबूल! आदिनाथची पोरगी म्हंजी माझीच पोरगी.

(पाहुणे निघून गेल्यावर. घरात तिघंच.)

अक्षता : गेले?

दैवशाला : गेले. जीप स्टेशनाच्या कोपऱ्यावरून वळली. पक्कं करून गेले.

अक्षता : कांताबाईंनी मला कुंकू लावलं. करंडा तसाच तुझ्याकडं आणला होता त्यांनी. तू दारात होतीस. मग एकदम मागं घेतला आणि नजर खाली घातली. तू बघितलंस?

दैवशाला : बघितलं.

अक्षता : काय वाटलं?

दैवशाला : काय वाटायचंय? भूक लागली. दिवेलागण झाली, ताटं घे. भावजींना भाकर चुरून दे दुधात. गूळ घाल वरून.

अक्षता : दुपारी तर उपाशी ठेवलंस.

दैवशाला : दुपारी नवरा होता.

अक्षता : आता संपलं ना नाटक. मी सांगते त्यांना. पप्पा!

आदिनाथ : काय बाळा?

अक्षता : पप्पा, माझं लग्न ठरलं. कुंकू लावून गेले पाहुणे.

आदिनाथ : ठरलं का? वा! आदिनाथ पाहिजे होता आज. कसाही असला तरी बाप तो बाप.

अक्षता : तुम्हीच आहात ना. पप्पा, माझ्याकडं बघा. मी अक्षू. तुम्ही आदिनाथ. केस आम्ही काढले तुमचे, कुणी मेलं नाही.

आदिनाथ : पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला का वो वहिनी? बापाचं दुःख लई वाईट. बाळा, आदिनाथ गेला. मी खांदा दिला त्याला. पाऊस होता त्या दिवशी, लाकडं पेटत नव्हती. रॉकेल टाकलं मीच.

अक्षता : मम्मी, तू सांग. तुझं ऐकतील. मंगळसूत्र घाल, कुंकू लाव, मग कळेल त्यांना.

दैवशाला : काय सांगू? आदिनाथ हैत म्हणून सांगू? मंग आज रातच्याला तो माणूस माझ्या घरात परत येईल.

अक्षता : आता कुठं मारतात ते? हातात ताकद तरी राहिली का?

दैवशाला : मारत न्हाई, कारण विसरला. दारू सोडली न्हाई त्यानं, तीच विसरला. मला वाटायचं, कव्हातरी हा माणूस शुद्धीवर येईल. कव्हातरी बसवीन पुढ्यात अन् विचारीन, काहून मारत होतास मला? अन् शुद्धीवर आला तर हा असा. कुणाला विचारू? म्हणतो, मारलं? मी? कव्हा? अन् हसतो. हसतो गं माझ्याकडं बघून.

अक्षता : ते मुद्दाम नाही हसत.

दैवशाला : मला माहीत हाय. म्हणून तर जास्त जळतं. आज पहिल्यांदा तारेचं त्याच्या तोंडून निघालं. कडीचं बी. ते आम्हा दोघांशिवाय कुणाला माहीत न्हाई.

अक्षता : मला माहीत होतं. मी मांडीवर होते.

दैवशाला : तू झोपायचीस.

अक्षता : नव्हते झोपत.

दैवशाला : मंग तुला सांगायचं कारण न्हाई. दुसऱ्याच्या नावानं का होईना, बोलला. बरं झालं मेला म्हणाला. मला तेवढं पुरंल.

अक्षता : तुला पुरेल. आणि त्यांना? सकाळी उठले की सगळं विसरणार. पुन्हा आदिनाथ होऊन चहा मागणार.

दैवशाला : मंग सकाळी पुन्हा सांगीन. डोक्यावर हात फिरवा म्हणीन.

अक्षता : रोज?

दैवशाला : तुझ्या सासऱ्याची अट ऐकलीस ना? साखरपुड्याला, लग्नाला, त्याच्या नंतर बी. रोजच सांगावं लागंल.

अक्षता : केस वाढतील. मिशी येईल.

दैवशाला : न्हावी बोलवीन.

अक्षता : मम्मी, रोज सकाळी त्यांचा भाऊ मरणार. रोज त्यांना ते नव्यानं कळणार. रोज असेच रडणार ते, दुपारी रडले तसे.

दैवशाला : म्या बी रोज रडले. अन् मला तर दुसऱ्या दिवशी याद राहायचं.

अक्षता : मी हे लग्न मोडू शकते अजून.

दैवशाला : मोड. फोन तुझ्या हातात हाय.

(अक्षता फोन बाजूला ठेवते.)

दैवशाला : न्हाई ना मोडत? मंग भाकर चूर. दूध गरम हाय.

आदिनाथ : वहिनी, मला एवढं? तुम्ही दोघींनी घेतलं का?

दैवशाला : घेतो आम्ही. जेवा तुम्ही पोटभर.

आदिनाथ : गूळ घातलाय. आदिनाथला बी आवडायचा.

अक्षता : हो काका. आवडायचा त्यांना.

आदिनाथ : वहिनी, मी अंथरूण ओसरीवर टाकतो. आत न्हाई झोपायचं मला. घरात बाप्या माणूस न्हाई, लोक बोलतेत.

दैवशाला : थंडी हाय बाहेर. वाकळ घ्या.

आदिनाथ : घेतो. या दाराला कडी हाय ना?

दैवशाला : हाय.

आदिनाथ : पक्की बसती का? हलवून बघा एकदा. स्क्रू ढिले न्हाईत ना?

दैवशाला : न्हाईत. बघितले.

आदिनाथ : तेवढं बघत जा रोज. तो आदिनाथ लई वाईट होता वहिनी. मेला, तरी त्याचा भरोसा न्हाई. कुणी बी हाक मारली तरी उघडू नका. माझ्या आवाजात मारली तरी न्हाई. लावा बरं, मी हितं उभा राहून आवाज ऐकतो.

दैवशाला : लावली, भावजी.